फुजिताचं ‘आत्तु बेट’ही पाहा

जपानी चित्रकार फुजिता म्हणजे मांजरं आणि दुधी कांतीच्या स्त्रियांची चित्रं, त्याच्याबद्दल बोलताना सहसा एवढंच येतं, म्हणून थोडी भर घालतो.

तो दुधी रंग नुसता पांढरा नाही. १९१३ साली पॅरिसला गेलेल्या त्सुगुहारू फुजिताने त्याची कृती आयुष्यभर गुप्त ठेवली. पुढे चित्रांची दुरुस्ती करताना त्यात टाल्क, म्हणजे अंगाला लावतात ती पावडर सापडली! त्यामुळे तेलरंगाची चकाकी मरते आणि बारीक जपानी कुंचल्याची काळी रेघ न फुटता केसासारखी सरकते. कमरेची अख्खी वळणं त्याने अशा रेघेत काढली आहेत.

आणि त्याच हाताने १९४३ साली, दुसऱ्या महायुद्धात, अलास्काकडच्या आत्तु बेटावरच्या जपानी सैनिकांचा अंत रंगवला. सगळं चित्र मातकट, देहांत देह गुंतलेले, कोण कुणाचा ते चटकन कळतही नाही. प्रचारासाठी काढलेल्या या चित्रात मला तरी विजय कुठेच दिसत नाही.

युद्धानंतर अशा प्रचारचित्रांबद्दल ठपका आलाच. १९४९ मध्ये त्याने जपान सोडलं, १९५५ मध्ये फ्रेंच नागरिकत्व घेतलं, आणि परत गेला नाही. ऐंशीच्या उंबरठ्यावर असताना त्याने फ्रान्समधल्या रांस शहरातल्या चॅपेलच्या, म्हणजे छोट्या प्रार्थनागृहाच्या, भिंती ओल्या गिलाव्यावर रंगवल्या. १९६८ साली गेला.