धामण म्हणजे नागाची मादी? संकर जनावरांच्या गावगप्पा सांगाव्यात की बंद कराव्यात?

माळावरचा
पावसाळा तोंडावर आला की आमच्याकडे एक गोष्ट हमखास कानावर येते. नाग आणि धामण एकमेकांना वेढे घालून उभे राहिले, त्यांचं लगीन लागलं, कुणीतरी धावत जाऊन अंगावर नवं कापड टाकलं. त्यांची पिल्लं म्हणे दिसायला धामण आणि विषाला नाग.

यातलं काहीच होत नाही. दोन्ही जनावरं वेगळ्या कुळांतली, त्यांचा संकर होऊच शकत नाही. वेढे घालून उभे दिसतात ते बहुतेक वेळा दोन नर धामण, आणि त्यांची झुंज चाललेली असते. पण गोष्टीमुळे 'नागाचं बी' म्हणून धामण ठेचली जाते. बिनविषारी, उंदरांवर जगणारी, 1972च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षण दिलेली धामण! माझं मत स्पष्ट आहे: ही गोष्ट सांगणं थांबलं पाहिजे.

बुरूजवेडी
सरसकट विरोध पटत नाही. आपल्या किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ, म्हणजे सिंहासारखं काल्पनिक जनावर, कोरलेत. जंजिऱ्याच्या दरवाजावरच्या जनावरानं तर तोंडात, पंजांत, शेपटीत हत्ती धरलेत. दोन डोक्यांचा गंडभेरुंड पक्षी कर्नाटकच्या राजमुद्रेवर आहे. ओडिशातला नवगुंजर तर नऊ जिवांचा मिळून एक: कोंबड्याचं डोकं, मोराची मान, बैलाचं वशिंड, सापाची शेपटी. ओडिया कवी सारळा दासाच्या महाभारतात अर्जुनाला तो भेटतो. एक पाय माणसाचा हात आहे हे दिसल्यावर अर्जुन धनुष्य खाली ठेवतो. हे सगळं खोटं म्हणून पुसायचं?

माळावरचा
ताई, शरभाला कुणी काठी घेऊन शोधत नाही. धामणीला शोधतात. माझा आक्षेप तेवढ्यापुरताच.

वाड्यावरचा
मी धनगराच्या घरातला. आमच्यातली म्हातारी माणसं वर्षानुवर्षं सांगायची की माळावरचे काही लांडगे 'कुत्र्याच्या रक्ताचे' आहेत, रंग फिकट, वागणं वेगळं. शिकलेले लोक त्याला थाप म्हणायचे. मग 2023मध्ये पुण्याजवळच्या माळरानावरच्या लांडग्यांची जनुकीय तपासणी प्रसिद्ध झाली आणि त्यांच्यात कुत्र्याचा अंश निघाला. रोज मेंढरांमागे चालणाऱ्या माणसाचा डोळा आधी पोचला होता. म्हणून 'गावगप्पा' म्हणून उडवून लावणं मला लागतं.

सर्पमित्र_वाई
वाड्यावरचे दादा, तुमचा मुद्दा मोलाचा आहे, पण दोन्ही दावे एका मापानं मोजता येत नाहीत. लांडगा आणि कुत्रा मुळात एवढे जवळचे की त्यांची पिल्लंही पुढे वीण धरतात. नाग आणि धामण यांच्यात तसलं नातंच नाही. धनगरानं जनावर पाहिलं आणि अर्थही बरोबर लावला. वेढे पाहणाऱ्यानंही जे पाहिलं ते खरंच होतं, अर्थ चुकला. धामण गाईच्या पायाला विळखा घालून दूध पिते, ही थाप तर त्याहून वाईट. सापाला ओठ नाहीत, दात आत वळलेले. आचळ ओढून दूध पिणं त्याला जमणारच नाही.

आणि लांडग्यांतला संकर ही आनंदाची बातमी नाही, एवढं बोलतोच. गावाच्या कडेला मोकाट कुत्री वाढली, माळ कमी झाला, म्हणून हे घडतंय. असंच चाललं तर अस्सल लांडगा उरणार नाही.

वाड्यावरचा
ते मान्य. आमच्या मेंढरांवरही मोकाट कुत्र्यांचा घाला लांडग्याइतकाच पडतो. पण म्हाताऱ्यांचं तोंड बंद करून कुत्री कमी होणार नाहीत.

बुरूजवेडी
माझंही तेच. गोष्ट बंद पाडली की सांगणारा तुमच्याशी बोलणंच सोडतो. मग पुढचं जनावर दिसलं तरी तो सर्पमित्राला फोन करणार नाही, सरळ काठी उचलेल.

माळावरचा
मग कापड घेऊन धावत आलेल्या माणसाला मी तिथं उभा राहून काय सांगू? घरात ते कापड ठेवलं की भरभराट होते, यावर त्याचा पक्का विश्वास असतो.

सर्पमित्र_वाई
मी सांगतो, दोन नरांची कुस्ती चाललीय, चीतपट करणारा जिंकणार, लांबून बघा. एक मान दुसरीला कशी खाली दाबते ते बोट करून दाखवतो. बरेच जण कापड हातात धरून बघत उभे राहतात. काही जण तरीही टाकतात. तेव्हा मी अडवत नाही, फक्त काठीवाल्याच्या आणि जनावरांच्या मध्ये उभा राहतो.