जुन्या पीसीवर फिअर (२००५) खेळतोय, मारामारी सुरू झाली की अडकतंय, काय करू?

कृष्णाकाठ_सांगली

नमस्कार मंडळी. मी विश्रामबागला राहतो, काकांच्या टायपिंगच्या ऑफिसातला जुना पीसी आमच्याकडे आलाय. कोअर टू ड्युओ ई७५०० प्रोसेसर, २ जीबी डीडीआर२ रॅम, जीटी २१० ग्राफिक्स कार्ड, विंडोज ७ आणि तो १७ इंची जाडा सीआरटी मॉनिटर. माऊस कीबोर्ड दोन्ही यूएसबी. त्यावर मोनोलिथ कंपनीचा फिअर टाकलाय, भीतीदायक गोळीबाराचा गेम, जीओजी या ऑनलाईन दुकानातून घेतलेला, त्याचा ऑफलाईन इन्स्टॉलर पेनड्राईव्हवरून टाकला कारण विंडोज ७ वर आता स्टीमचा (दुसरं ऑनलाईन गेम दुकान) सपोर्ट राहिला नाही.

गेम चालतो. नुसतं फिरताना मस्त पळतो पण ते रेप्लिका सैनिक (गेममधले शत्रू) आले, गोळीबार सुरू झाला, धूळ उडाली की चित्र अडकत अडकत चालतं. आणि अजून एक, सुरुवातीला बरं असतं पण थोडा वेळ खेळलं की मारामारी नसली तरी सगळंच जड होत जातं, गेम बंद करून परत लावला की पुन्हा चांगलं.

मला हा गेम घाबरण्यासाठीच खेळायचाय हो. हेडफोन लावून, खोलीतली लाईट घालवून बसतो, आणि नेमकं अल्मा (गेममधली भुताटकीची मुलगी) दिसायच्या जागी चित्र थबकतं म्हणजे आधीच कळतं की आता काहीतरी येणार, सगळी मजा जाते. एक मित्र म्हणतो सावल्या पूर्ण बंद कर, पण मग राहिलं काय त्यात? नवीन पीसीचं बजेट अजिबात नाही. कुणी या असल्या मशीनवर खेळलं असेल तर सांगा, आणि प्लीज पुढची स्टोरी फोडू नका.

कराडकर_जुना_गेमर

भावा तुझं मशीन या गेमला कमी नाहीये आधी हे डोक्यातून काढ. २००५ ला कंपनीने मिनिमम सांगितलं होतं पेंटियम ४ १.७ गिगाहर्ट्झ आणि ५१२ एमबी रॅम, तुझा प्रोसेसर त्याच्या कितीतरी पुढं आहे. दम लागतोय तो कार्डाला, जीटी २१० ची मेमरी ६४ बिटची, आणि फिअरमध्ये लाईट सावल्या सगळ्या त्याच क्षणी तयार होतात त्यामुळे मारामारीत बल्ब हलला, बंदुकीचा उजेड पडला की कार्डावर लोड येतो.

ऑप्शन्समध्ये परफॉर्मन्स आहे, त्यात ग्राफिक्स कार्डच्या भागात जा आणि पहिलं सॉफ्ट शॅडोज बंद कर. सावल्या नाही, फक्त सॉफ्ट शॅडोज! सावलीच्या कडा थोड्या मऊ दिसतात त्यासाठी तो ऑप्शन कार्डाचा जीव काढतो, चांगल्या चांगल्या कार्डांचा काढायचा. मग अँटी अलायझिंग बंद, व्हॉल्युमेट्रिक लाईट्स बंद, रिफ्लेक्शन्स कमी. साध्या सावल्या मीडियमवर राहू दे. रेझोल्युशन ८००×६०० कर, आणि इथं तुझा जाडा मॉनिटर कामाला येतो कारण सीआरटीवर कमी रेझोल्युशन एलसीडीसारखं पुसट दिसत नाही, आणि काळा रंग खरोखर काळा दिसतो. असला गेम खेळायला तो मॉनिटर सोनं आहे, भंगारात देऊ नको.

प्रत्येक बदलानंतर तिथलंच टेस्ट सेटिंग्ज चालव. त्यात मिनिमम, ॲव्हरेज, मॅक्सिमम एफपीएस (सेकंदाला किती चित्रं) दाखवतं आणि किती टक्के वेळ २५ च्या खाली गेलं तेही. ॲव्हरेजकडं बघत बसू नको, २५ च्या खालचा आकडा शून्य होईपर्यंत एकेक गोष्ट कमी करत जा.

रेवा_सातारा

कराडकरांचं सेटिंगचं बरोबर आहे पण तुमचा दुसरा प्रॉब्लेम वेगळा आहे, तो सेटिंगने जाणार नाही. खेळता खेळता जड होत जाणं आणि परत लावल्यावर नीट होणं हा फिअरचा जुना माहितीतला दोष आहे, व्हिस्टा आणि त्यानंतरच्या विंडोजवर येतो. काही यूएसबी माऊस कीबोर्ड विंडोजला स्वतःची एकापेक्षा जास्त एचआयडी (माऊस कीबोर्डसारखी माणसाने वापरायची) डिव्हाइस म्हणून ओळख देतात आणि गेम त्यांच्यातच अडकत जातो, एफपीएस पडत जातो. लोक बिचारे कार्ड बदलतात आणि तरी तेच.

तुमच्या बोर्डाला मागे जांभळी आणि हिरवी गोल पीएस/२ पोर्ट असतीलच, त्या वयाच्या बोर्डांना असतात. कुणाकडे जुना पीएस/२ माऊस कीबोर्ड असेल तर लावून बघा, फक्त पीसी बंद करून मगच लावा. नाहीतर डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन ह्युमन इंटरफेस डिव्हायसेसखाली जास्तीच्या एचआयडी कम्प्लायंट डिव्हाइस एकेक करून डिसेबल करा, माऊसच बंद पडला तर तेवढी परत चालू करायची. तिसरा मार्ग म्हणजे यासाठी बनवलेली डीइनपुट८ नावाची डीएलएल फाईल मिळते, ती गेमच्या फोल्डरमध्ये एक्झीच्या (गेम सुरू करायच्या फाईलच्या) शेजारी टाकायची. मी तीच वापरते आणि पूर्ण गेम एका लयीत झाला. एक्स्ट्रॅक्शन पॉइंट आणि पर्सियस मँडेट हे फिअरचे जोड-भाग खेळणार असाल तर त्यांच्या फोल्डरमध्येही टाका.

मिरज_जंक्शन

मर्दा आधी कॅबिनेट उघडून बघितलंस का? ऑफिसातला पीसी म्हणजे प्रोसेसरच्या फॅनखाली धुळीची गादी असणार, त्यात आपल्याकडचा एप्रिल मे. थर्मल पेस्ट वाळून पावडर झालेली असती, प्रोसेसर तापला की आपोआप स्पीड कमी करतो आणि तुला वाटतं गेम खराब. ब्लोअर मार, जुनी पेस्ट पुसून नवीन लाव, लई स्वस्तात मिळती. जीटी २१० चा छोटा फॅन बोटाने फिरवून बघ, जाम झालेला असतो बऱ्याचदा. बोर्डावरचे कपॅसिटर वरनं फुगलेत का तेपण बघून घे, फुगले असतील तर गेम राहू दे, आधी ते बदल.

आणि यूपीएसची बॅटरी जिवंत आहे का? लाईट जाती येती तेव्हा जुनी हार्डडिस्क पहिली मरते. काकांचा काही डेटा असेल तर पहिला काढून ठेव.

विटेकर

मी त्या मित्राच्या बाजूचा आहे. सावल्या लो कर नाहीतर बंदच कर आणि ६० एफपीएस घे. हा शूटर आहे शेवटी, स्लो मोशन लावून नेम धरायचा असतो, नेमच लागत नसेल तर सावल्या काय कामाच्या. मी डूम ३ हा भीतीदायक शूटर पण एका जुन्या लॅपटॉपवर गेमच्या कन्सोलमधून (हुकूम टाइप करायची जागा) आर शॅडोज शून्य करून, म्हणजे सावल्या बंद करून पूर्ण खेळलो, पळाला मस्त.

कराडकर_जुना_गेमर

@विटेकर डूम ३ सावल्या बंद करून खेळलास म्हणजे अर्धा गेम सोडलास असं मला मनापासून वाटतं. २००४ चा मूळ डूम ३ आठव, टॉर्च हातात घेतली की बंदूक नाही आणि बंदूक घेतली की टॉर्च नाही, अख्खी भीती त्या एका निवडीवर उभी. नंतर २०१२ च्या बीएफजी एडिशनमध्ये टॉर्च चिलखतावर लावली आणि तो ताणच गेला. फिअरमध्येपण तसंच आहे, कोपऱ्यावरून आधी सावली येते मग माणूस येतो. ती सावली काढलीस तर नुसती गोळीबाराची प्रॅक्टिस राहते. ६० नको, ४० च्या आसपास स्थिर मिळालं तरी पुरतं, पण सावली ठेवा.

आणि आवाज! आवाजाचं कुणी बोलतच नाही. साऊंडचा ऑप्शन अजिबात कमी करू नको, तुझ्या प्रोसेसरला त्याचा भार नाही. या गेममधले सैनिक एकमेकांशी बोलतात, कुठून येतोय, ग्रेनेड टाकतोय, कोण मेला, सगळं ओरडून सांगतात. त्यांचं एआय जेफ ऑर्किनने लिहिलंय, प्रत्येक सैनिक ध्येय धरून आपल्या कृती स्वतः ठरवतो, त्यावरचा ऑर्किनचा लेख अजून गेम बनवणारे वाचतात. हेडफोनमध्ये मागून बूट वाजले की कळतं वळसा घालून कुणीतरी येतंय, आणि मग सगळे एकदम गप्प झाले की जास्त भीती वाटते.

विटेकर

ठीक, आवाजाचं मान्य. सावल्यांचं नाही, तुटक चित्रात मला भीती नाही चीड येते. ज्याचं त्याचं.

रेवा_सातारा

शेवटी कृष्णाकाठ तुम्ही स्वतः दोन्ही लावून बघा, टेस्टला फार वेळ लागत नाही. आणि घरात लहान कुणी असेल तर शेजारी बसवू नका, गेमला १७ वर्षांवरचं रेटिंग आहे ते उगाच नाही, रक्त फार आहे.

कृष्णाकाठ_सांगली

सगळ्यांचे खूप आभार! फॅनखाली मिरजकर म्हणाले तशीच गादी निघाली, साफ करून पेस्ट लावली. कपॅसिटर ठीक आहेत. शेजारच्या काकूंकडे जुना पीएस/२ कीबोर्ड माऊस पडून होता तो आणला, आता कितीही वेळ खेळलं तरी जड होत नाही, रेवाताई हे मला कधीच कळलं नसतं. सॉफ्ट शॅडोज बंद, ८००×६००, साध्या सावल्या मीडियम, २५ च्या खाली शून्य टक्के आलं. सावल्या पूर्ण बंद करून पण बघितलं विटेकर, पळतो जोरात पण मला भिंती रिकाम्या वाटल्या, परत चालू केल्या. रेटिंगचं लक्षात ठेवतो, धाकटा चुलतभाऊ येतो तेव्हा लावत नाही.

एकच विचारतो, पुढे कधी पैसे साठले तर जुनं जीटी ७३० घेऊ का? सप्लाय साधाच आहे, ऑफिसच्या पीसीचा.

मिरज_जंक्शन

घे, त्याला वेगळी पॉवरची वायर लागत नाही. फक्त ७३० नावाखाली वेगवेगळी कार्डं विकली जातात, एकात ३८४ कोअर आहेत आणि एकात फक्त ९६. ३८४ वालं आणि जीडीडीआर५ मेमरीचं बघून घे, दुकानदाराला कार्ड लावून जीपीयू-झेडमध्ये (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) दाखवायला सांग आणि मगच पैसे दे.