मदत हवी आहे: कोलंबिया जर्नलिझम रिव्ह्यूवरचा 'डावा' शिक्का कितपत धरायचा?

नमस्कार मंडळी,

मी इंदूरला पत्रकारितेत एम.ए. करतेय, शेवटचं सत्र. लघुशोधप्रबंध आहे माध्यमांची झाडाझडती घेणाऱ्या नियतकालिकांवर. मुख्य उदाहरण कोलंबिया जर्नलिझम रिव्ह्यू, जे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचं पत्रकारिता विद्यालय १९६१ पासून काढतं. परवा सरांनी मसुदा परत दिला. समासात लाल शाईने एवढंच: "वामपंथी स्रोत है, बदलो." आई म्हणाली, मग बदलून टाक की, पोहे गार होतायत.

सरांचा आधार मीडिया बायस फॅक्ट चेक ही साइट. तिथे रिव्ह्यूला 'मध्यापासून जरा डावीकडे' असा शेरा आहे, पण तथ्यांच्या बाबतीत वरची श्रेणीही आहे. तो अर्धा भाग सरांनी सोडून दिला. गंमत म्हणजे असे शेरे मारणाऱ्या साइटींची मोजपट्टी व्यक्तिसापेक्ष असते, असा लेख याच रिव्ह्यूने २०१८ मध्ये छापला होता. परीक्षक नि परीक्षार्थी एकमेकांचे पेपर तपासतायत. मी कुणाचे गुण धरू?

खरी अडचण पुढे आहे. जानेवारी २०२३ मध्ये रिव्ह्यूने ट्रम्प-रशिया प्रकरणाच्या (२०१६च्या निवडणुकीत ट्रम्प यांच्या गोटाचं रशियाशी संधान होतं का) वार्तांकनावर टीका करणारे चार भागांत सुमारे २४,००० शब्द छापले. लेखक जेफ गर्थ, न्यूयॉर्क टाइम्सचे जुने बातमीदार, आणि त्यांनी टाइम्सलाही सोडलेलं नाही. चिडले ते डावीकडचे लोक. 'मदर जोन्स' या डाव्या अमेरिकी मासिकाच्या डेव्हिड कॉर्न यांनी तर मूळ मुद्दाच हुकला म्हणून धारेवर धरलं. मी वहीत 'डावा' नि 'उजवा' असे दोन रकाने आखले होते. या लेखासाठी तिसरा आखला, 'कळत नाही'. आता तोच भरत चाललाय.

विश्वासार्हतेचं मात्र एक उदाहरण मला भक्कम वाटतं. रोलिंग स्टोनची व्हर्जिनिया विद्यापीठातल्या बलात्काराची २०१४ची बातमी डळमळली, तेव्हा मासिकाने स्वतःच कोलंबियाच्या पत्रकारिता विद्यालयाला तपास करायला सांगितलं. एप्रिल २०१५ मध्ये अहवाल आला, रिव्ह्यूनेही तो छापला, आणि बातमी मागे घेतली गेली. अहवालात तत्त्वज्ञान नाही. तक्रारदार मुलीच्या ज्या तीन मित्रमैत्रिणींचं बोलणं बातमीत छापलं, त्यांना बातमीदाराने गाठलंच नव्हतं, अशा साध्या चुका दाखवल्यात. असं काम डावं की उजवं?

दुसऱ्या बाजूने, एप्रिल २०२५ मध्ये विद्यालयाच्या डीननी कार्यकारी संपादकांना वर्षही पुरं होण्याआधी काढलं. मग मालक विद्यालयच असताना स्वायत्तता किती, हेही लिहायला हवं ना?

तर विचारायचंय ते असं. कल आणि विश्वासार्हता वेगवेगळी मोजायची पद्धत कुणी वापरलीय का? लेखांचा नमुना निवडायचा कसा? सगळ्यात गाजलेले घेतले तर तोल जाईल, असं वाटतं. आणि टीका कुणावर होते यावरून कल ठरवावा का? मोठ्या वर्तमानपत्रांचं परीक्षण करणारा त्यांनाच जास्त धरणार!

आजोबा इथल्या 'नईदुनिया' या हिंदी दैनिकाचे, राहुल बारपुते संपादक होते तेव्हापासूनचे वाचक. रामबागेत त्यांच्याकडे विषय काढला तर म्हणाले, "चार वर्षांचे अंक सलग वाच, मग बोल." बरोबर आहे, पण मसुदा सोमवारी द्यायचाय, आणि सरांना उत्तर हिंदीत लिहायचंय.