मदत हवी आहे: एनएफएल ड्राफ्ट २०२६ – ऑगस्टमध्ये पहिली फेरी कशी मांडायची?

नमस्कार मंडळी,

हा आपला फुटबॉल नव्हे, अमेरिकेतला, हातात चेंडू घेऊन पळायचा. एनएफएल ही त्याची व्यावसायिक लीग. मी मूळचा कोल्हापूरचा, शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा तालमींच्या फुटबॉल मॅचेस बघत मोठा झालो. गेली अकरा वर्षं ओहायो राज्यात क्लीव्हलंडजवळ राहतो. मुलगा पंधरा वर्षांचा आहे आणि इथल्या ब्राउन्स टीमचा कट्टर चाहता. येत्या शनिवारी, ३० ऑगस्ट २०२५ ला, दुपारी बाराच्या आत त्याला पुढच्या एप्रिलमधल्या ड्राफ्टची अख्खी पहिली फेरी, म्हणजे ३२ नावं, मित्रांच्या ग्रुपवर टाकायची आहे. आठ पोरं आहेत. खेळाडू पहिल्या फेरीत गेला तर एक गुण, टीमही बरोबर आली तर तीन. शिवाय आपल्या तीन निवडींची बाजू सगळ्यांसमोर मांडावी लागते. यंदा पहिल्यांदाच तो म्हणाला, "बाबा, तू बस ना माझ्याबरोबर." त्यामुळे मला हे नीट समजून घ्यायचं आहे.

ज्यांना ड्राफ्ट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: आयपीएलचा लिलाव डोळ्यांसमोर आणा, पण बोली नाही, फक्त नंबर. मागच्या सीझनला सगळ्यात वाईट खेळलेली टीम कॉलेजच्या पोरांतून पहिला खेळाडू उचलते, मग त्याहून जरा बरी टीम, असं करत ३२ टीम, सात फेऱ्या. नंबरांची अदलाबदलही करता येते. आम्ही ज्या पेठेत जन्मलो त्या तालमीचा झेंडा घेतला, कोण कुणाला घेणार हा प्रश्नच नव्हता. म्हणून मला हे सगळं समजायला बराच वेळ लागला.

ब्राउन्सकडे २०२६ साठी पहिल्या फेरीचे दोन नंबर आहेत. एक स्वतःचा, दुसरा जॅक्सनव्हिल जॅग्वार्स टीमचा. यंदाच्या एप्रिलमधल्या ड्राफ्टमध्ये ब्राउन्सची पाळी दुसरी होती, ती जॅग्वार्सना देऊन हे मिळवलं. त्यांनी त्यावर ट्रॅव्हिस हंटर हा खेळाडू घेतला, आपल्याला पाचवा नंबर, दुसऱ्या फेरीतला एक नंबर आणि पुढच्या वर्षीची पहिली फेरी. डेशॉन वॉटसन या एका क्वार्टरबॅकसाठी (पास फेकणारा, टीमचा खेळ चालवणारा खेळाडू) २०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग तीन वर्षांची पहिली फेरी घालवलेल्या गावात याचं मोल काय आहे, ते इथे राहणाऱ्यालाच कळेल.

मुलाची वही माझ्यासमोर आहे. पेन्सिलने लिहिलंय. ब्राउन्सच्या दोन ओळींवर इतकं खोडलंय की कागद पातळ होऊन मागच्या पानावरची अक्षरं दिसतात. सध्या पहिल्या ओळीत टेक्सस विद्यापीठाचा क्वार्टरबॅक आर्च मॅनिंग आहे. पेटन आणि इलाय मॅनिंग या गाजलेल्या क्वार्टरबॅकांचा पुतण्या, टेक्ससची टीम सीझनपूर्व यादीत देशात पहिली, अंगकाठी दणकट. मुलाचं म्हणणं, असा क्वार्टरबॅक दहा वर्षांत एकदा येतो.

मला ते पटत नाही, आणि का पटत नाही तेही सांगतो. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये जॉर्जियाचा कार्सन बेक आणि टेक्ससचा क्विन युअर्स ही दोन क्वार्टरबॅकांची नावं सगळ्यांच्या याद्यांत वर होती. बेक कॉलेजातच राहिला, मिआमीला गेला. युअर्स सातव्या फेरीत, २३१ वा. पहिला गेला तो कॅम वॉर्ड. शदूर सँडर्स या क्वार्टरबॅकला लोक ड्राफ्टच्या आदल्या आठवड्यापर्यंत पहिल्या फेरीत धरत होते. तो पाचव्या फेरीत १४४ वा गेला, आणि तोही आपल्याच ब्राउन्सकडे. मग ऑगस्टच्या यादीला अर्थ काय उरतो?

दुसरी भीती जुनी आहे. २०१२ मध्ये ब्राउन्सकडे असेच दोन नंबर होते: तिसऱ्यावर ट्रेंट रिचर्डसन, बाविसाव्यावर क्वार्टरबॅक ब्रँडन वीडन. २०१४ मध्ये आठव्यावर जस्टिन गिल्बर्ट, बाविसाव्यावर क्वार्टरबॅक जॉनी मॅनझिएल. दोन सीझन संपल्यावर चौघांपैकी कुणीही इथे राहिलं नाही. २०१८ ला बेकर मेफिल्ड आणि डेन्झेल वॉर्ड मिळाले ते बरं झालं, वॉर्ड अजून खेळतोय. माझं मत असं की आपल्या दोन नंबरांपैकी पहिल्यावर ओहायो स्टेट विद्यापीठाचा सेफ्टी (बचावात सगळ्यात मागे उभा राहणारा खेळाडू) केलेब डाउन्स घ्यावा. पोरगा मैदानावर सगळीकडे असतो. मुलगा म्हणतो, "बाबा, सेफ्टी कोणी इतक्या वर घेत नाही." का घेत नाही, हे त्याला नीट सांगता आलं नाही, मला तर नाहीच.

तर विचारायचं ते एवढंच: मॅनिंग, एलएसयूचा (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) गॅरेट नुसमायर आणि क्लेमसनचा केड क्लबनिक या तीन क्वार्टरबॅकांत ब्राउन्सपुढे कुणाचं नाव लिहावं? डाउन्स कितव्या नंबरावर? आणि सीझन सुरूच झालेला नसताना टीमचा क्रम कसा धरायचा?

---

प्रतिसाद (डॅलसहून):

क्रमाचं सोपं आहे. सुपर बोल, म्हणजे लीगची अंतिम मॅच, कोण जिंकणार यावर सट्टेबाजांचे जे भाव निघतात ते उलटे लावा. सगळ्यात कमी आशा असलेली टीम पहिली. ऑगस्टमध्ये मॉक ड्राफ्ट (अंदाजाची यादी) करणारे बरेच जण हेच करतात. फार डोकं घालू नका, टीमचे गुण नशिबाचे, नावांचे गुण अभ्यासाचे. मुलाला नावांवर मेहनत घेऊ द्या.

आता मॅनिंग. तो चांगला खेळाडू होईल की नाही हा प्रश्न बाजूला ठेवा. तो एप्रिलमध्ये येणार का, हे आधी बघा. गेल्या सीझनला युअर्स जखमी असताना त्याने दोनच मॅचेस सुरुवातीपासून खेळल्या. आजोबा आर्ची याच महिन्यात बोलून गेले की तो २०२६ च्या ड्राफ्टला जाणार नाही. नातवाने ते हसण्यावारी नेलं, पण घराण्याची रीत बघा: पेटन १९९७ ला टेनेसीत चौथं वर्ष खेळायला थांबला आणि १९९८ ला पहिला गेला. इलायसुद्धा ओल मिस (मिसिसिपी विद्यापीठ) मध्ये शेवटपर्यंत राहिला आणि २००४ ला पहिला गेला. थांबून या घरात कुणाचं नुकसान झालेलं नाही. त्यात १ जुलैपासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली आहेत, म्हणजे पैशासाठी घाई करायचं कारणही राहिलं नाही. बेकचं उदाहरण तुम्हीच दिलंत. ऑगस्टच्या याद्या चुकतात त्या बऱ्याचदा पोरगं कॉलेजातच थांबल्यामुळे.

आणि याद्यांना अर्थ नाही असं मला वाटत नाही. २०१९ च्या उन्हाळ्यात क्वार्टरबॅक जो बरो उशिराच्या फेऱ्यांतला मानला जायचा. तुमच्याच ओहायोतल्या अथेन्सचा पोरगा, ओहायो स्टेटमध्ये जागा मिळेना म्हणून एलएसयूला गेलेला. त्या सीझनला ६० टचडाउन पास (ज्यांवर थेट गुण मिळतात) फेकले आणि पहिला गेला. क्वार्टरबॅक एका सीझनमध्ये इतका वर-खाली होतो. पण अंगापिंडाने तयार असलेले टॅकल (क्वार्टरबॅकला कडेने वाचवणारे) आणि डिफेन्सिव्ह लाइनवाले (बचावाच्या पुढच्या रांगेतले) तितके हलत नाहीत. गुण तिथे मिळवा. युटाचा टॅकल स्पेन्सर फानो, क्लेमसनचा डिफेन्सिव्ह लाइनवाला पीटर वुड्स ही नावं लिहाच.

---

प्रतिसाद (कोलंबसहून):

दादा, डाउन्सबद्दल मी सांगते, घरापासून स्टेडियम दहा मिनिटांवर आहे आणि गेल्या वर्षी त्याला भरपूर पाहिलंय. तुमचं मत चुकीचं नाही, फक्त ते खेळाचं मत आहे, हिशेबाचं नाही. २०११ पासून नव्या खेळाडूचा पगार नंबराप्रमाणे जवळजवळ ठरलेला असतो, मग तो कुठल्याही जागेवर खेळो. त्या पैशात क्वार्टरबॅक मिळाला तर टीमला तो फारच स्वस्त पडतो. सेफ्टी मिळाला तर बाजारभावाच्या मानाने तितकं वाचत नाही. २०१० ला सेफ्टी एरिक बेरी पाचवा गेला, पण म्हणूनच त्यानंतर पहिल्या पाचात एकही सेफ्टी नाही. सेफ्टी काइल हॅमिल्टन २०२२ ला चौदाव्या नंबरावर बाल्टिमोरला मिळाला, आणि तो काय करतो ते त्याच गटातले ब्राउन्सवाले वर्षातून दोनदा बघतातच. डाउन्सला सात ते बाराच्या मध्ये लिहा.

शनिवारी टेक्सस इथेच खेळणार आहे. मॅच बघताना मुलाला म्हणावं, चेंडू बघू नकोस, डाउन्सची २ नंबरची जर्सी बघ. चेंडू हलायच्या आधी तो हाताने इतरांना जागा दाखवत असतो, स्वतः दोन पावलं पुढे येतो, पुन्हा मागे जातो. समोरच्या क्वार्टरबॅकला शेवटपर्यंत कळू देत नाही. आणि एका मॅचवरून मॅनिंगला डोक्यावर घेऊ नका किंवा टाकूनही देऊ नका. परक्या मैदानावर सुरुवातीपासून खेळायची पहिलीच मॅच, आणि तीही इथल्या एक लाख लोकांसमोर, सोपी नसते.

---

धागाकर्ता, रविवार ३१ ऑगस्ट:

दोघांचेही मनापासून आभार. काल पावणेबाराला यादी गेली. मुलाने मॅनिंगला ३२ मधून पूर्ण काढलं, पेटन-इलायचं कारण ऐकल्यावर पाच मिनिटं गप्प बसला होता. ग्रुपवर पोरांनी त्याला धारेवर धरलं. डाउन्स नवव्यावर लिहिला. ब्राउन्सच्या पहिल्या ओळीत नुसमायर, दुसऱ्या ओळीत फानो.

मग आम्ही टीव्हीसमोर बसलो. ताई, तुम्ही म्हणालात तसं २ नंबरकडे बघत राहिलो, आणि खरंच वेगळीच मॅच दिसली. ओहायो स्टेट १४-७. मॅनिंगचे ३० पैकी १७ पास, १७० यार्ड, एक टचडाउन, एक इंटरसेप्शन (पास प्रतिस्पर्ध्याने पकडला). एक यार्डावरून चौथ्या डाउनला, म्हणजे शेवटच्या प्रयत्नात, तो स्वतः घुसायला गेला आणि अडवला गेला, तेव्हा मुलगा सोफ्यावर उभा राहिला. रात्री एलएसयूने क्लेमसनला त्यांच्याच मैदानावर १७-१० हरवलं, म्हणजे नुसमायरने क्लबनिकच्या समोर उभं राहून. एका मॅचवरून ठरवायचं नाही हे लक्षात आहे, पण काल आमच्या घरात आनंद होता हे लपवत नाही.

आता पुढची मदत. येत्या रविवारी, ब्राउन्स-बेंगल्स मॅच सुरू व्हायच्या आधी, त्याला तीन निवडींची बाजू मांडायची आहे. मॅनिंग का नाही आणि डाउन्स नववा का, हे त्याचं तयार आहे. फानोवर तो अडतोय. युटासाठी फानो राइट टॅकलला, म्हणजे रांगेच्या उजव्या कडेला खेळतो, ब्राउन्सला गरज लेफ्टची, म्हणजे डाव्या कडेची आहे. राइटचा माणूस लेफ्टला आणताना पायांचं नेमकं काय बदलतं, हे कुणी खेळलेल्या माणसाने सांगितलं तर फार बरं होईल.