‘तांगाता फेनुआ’ला मराठीत काय म्हणावं?

मेणवलीकर
मंडळी, एका शब्दापाशी अडले आहे. पुढच्या महिन्यात पाटण तालुक्यातल्या एका गावात न्यूझीलंडहून दोन माओरी विणकर बाया येणार आहेत. तिकडे त्या ‘हराकेके’च्या लांब पातींपासून टोपल्या आणि चटया विणतात. इकडे आमच्या ओळखीची दोन घरं अजून केकताडाचा वाख काढून दोर वळतात. चार दिवस शेजारी बसून काम करायचं आणि एकमेकींचा हात बघायचा, एवढाच बेत आहे.

पाहुण्यांच्या ओळखीचं टिपण मी मराठीत करते आहे. माओरी लोक स्वतःला ‘तांगाता फेनुआ’ म्हणवतात. तांगाता म्हणजे माणसं, फेनुआ म्हणजे जमीन. मी ‘भूमिपुत्र’ लिहिलं. दोर वळणाऱ्या मावशींना वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, “बायका येनार हायत न्हवं? मग पुत्र कशाला?” त्यांचं बरोबर आहे. शिवाय त्या शब्दाला आता निवडणुकीचा वास येतो.

खरी अडचण पुढंच आहे. माओरीत वारेलाही (प्लॅसेंटाला) फेनुआच म्हणतात. बाळंतपणानंतर वार आपल्या जमिनीत पुरायची त्यांची रीत आहे. दोन्ही अर्थ एका शब्दात कसे आणू?

तासगावची सून
ताई, ‘आदिवासी’ का नको? सगळ्यांना कळतो.

हेळवाककर
कळतो, पण आपल्याकडे तो दाखल्याला बांधला गेलाय. आमच्या डोंगरात गवळी धनगर किती पिढ्या राहतात, पण अनुसूचित जमातींच्या यादीत ते नाहीत. २००६ च्या वनहक्क कायद्याला म्हणूनच दोन नावं घ्यावी लागली, ‘अनुसूचित जमाती’ आणि ‘इतर पारंपरिक वननिवासी’. या दुसऱ्यांनी तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवायचा. ज्यांनी कधी कागद केला नाही त्यांच्याकडे कागद मागायचा. तेव्हा शब्द जपून वापरा.

औंधकर
आपल्या जुन्या दप्तरात तयार शब्द आहे: थळकरी. गावच्या जमिनीवर ज्याचा पिढीजात हक्क, तो थळकरी किंवा मिरासदार. बाहेरून येऊन कसणारा तो उपरी. थळकऱ्यांची आणि त्यांच्या थळांची नोंद असे तो थळझाडा. मिरास अरबी आहे, वतनही अरबी, पण थळ हे स्थळाचंच रूप. ‘थळाची माणसं’ लिहा, शंभर टक्के आपलं.

येरळाकाठ
औंधकर, शब्द शुद्ध आहे म्हणून न्याय्य होत नाही. थळकरी हा सारा भरणाऱ्याच्या हक्काचा शब्द. ज्यांच्या घरी या पाहुण्या उतरणार, त्यांच्या पणजोबांना गावानं थळकरी म्हटलं नसतं. मोटेचा नाडा, बैलांची दावी, कासरे सगळं त्यांच्या हातचं, आणि घर मात्र गावकुसाबाहेर. त्यांच्याच अंगणात बसून तो शब्द वाचणार का? अरबी-फारसीचं म्हणाल तर ‘कागद’ आणि ‘दप्तर’ काढून टाका, मग बोलू.

औंधकर
मी जातीबद्दल बोललोच नव्हतो. पण तुमचा मुद्दा मनाला लागला, हे कबूल करतो. फक्त एवढंच, की जुने शब्द टाकून दिले तर ते कुणाच्याच कामाला येत नाहीत. अर्थ रुंद करता येतो.

हेळवाककर
आमचं जुनं गाव शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या पाण्याखाली आहे. आजी वसाहतीत पन्नास वर्षं राहिली, तरी तिला शेवटपर्यंत वसाहतच म्हणायची. ‘गाव’ हा शब्द तिनं पाण्याखालच्या पांढरीसाठी राखून ठेवला होता. घरात लग्न ठरलं की पहिला नारळ तिकडं तोंड करून फोडायची. “माझी नाळ तिथं हाय,” म्हणायची. मेणवलीकर ताई, तुमचा शब्द तिच्या तोंडात होता असं मला वाटतं. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची, आणि दोन्हींची मिळून शपथ घेतात. ‘काळी-पांढरीची माणसं’ म्हणून बघा.

येरळाकाठ
चांगलं आहे. पण कोयनेच्या खोऱ्यात काळी कुठं? तिकडं तांबडी माती.

हेळवाककर
रंगावर जाऊ नका. तांबड्या रानालाही आमच्याकडं काळीच म्हणतात. काळी आई म्हणताना कुणी मातीचा रंग बघत नाही.

मेणवलीकर
आजींचं वाचून थोडा वेळ काहीच लिहिता आलं नाही. आपल्याकडे ‘नाळ पुरली’ हे टिकलं. ‘वार’ मात्र आता गाय व्याल्यावरच ऐकू येते. बाळंतपणं दवाखान्यात गेली, वार कुठं जाते हे कुणी विचारतही नाही. म्हणून फेनुआच्या दुसऱ्या अर्थासाठी मी नाळ धरावी का वार? नाळ लगेच समजेल, पण अर्थ बदलतो.

कडेगावचा मास्तर
वारच ठेवा. सोपं करण्याच्या नादात काय होतं ते माओरींनाच विचारा. ब्रिटनची राणी आणि माओरी सरदार यांच्यातला ६ फेब्रुवारी १८४० चा वायतांगीचा करार घ्या. हेन्री विल्यम्स या मिशनऱ्यानं मुलाच्या मदतीनं एका रात्रीत त्याचं भाषांतर केलं. इंग्रजीत लिहिलं होतं की सार्वभौमत्व राणीला दिलं. माओरीत त्या जागी ‘कावानातांगा’ आला, ‘गव्हर्नर’वरून घडवलेला, म्हणजे कारभार. आणि जमिनींवरची पुरती सत्ता, ‘तिनो रांगातिरातांगा’, माओरी सरदारांकडेच राहील असंही त्याच कागदात होतं. पाचशेवर सरदारांच्या सह्या आहेत, बहुतेकांच्या माओरी मसुद्यावर. कारभार दिला असं समजून सही केली आणि पुढं बहुतेक जमीन हातची गेली. तो वाद अजून चालू आहे. तुमचं टिपण दोन पानांचं असेल, पण काम तेच आहे.

तासगावची सून
एक विचारू? वर ‘सांस्कृतिक देवाणघेवाण’ असं शीर्षक देणार का? मला ते सहकारी बँकेच्या अहवालासारखं वाटतं. आमच्याकडं एकाचा बैल, दुसऱ्याचा बैल जोडून दोघांचं रान नांगरतात, त्याला पैरा म्हणतात. या बाया तेच करणार आहेत.

औंधकर
पैरा औताचा. माणसांच्या कामाला सावड म्हणा.

येरळाकाठ
आमच्याकडं पैरा खुरपणीलाही चालतो. तू माझ्यात दोन दिवस, मी तुझ्यात दोन दिवस. जेवणावर बोलावून काम उरकायचं ते इर्जिक, त्यात फेड नसते. इथं फेड आहे, म्हणून पैराच.

औंधकर
सावडीतही फेड असतेच की. माझ्या आईनं आयुष्यभर सावडीनं भात लावला.

मेणवलीकर
पैरा मला फार आवडला. मावशींना विचारून ठरवते. तोवर आणखी एक. हराकेके कापताना मधला कोवळा कोंब तोडत नाहीत. त्याला ‘रीतो’ म्हणतात आणि बाळ मानतात. त्याच्या दोन्ही बाजूंची पानं आईबाप, तीही ठेवतात. फक्त बाहेरची, आजी-आजोबांची पानं घेतात, म्हणजे बेट जगतं. केकताडाच्या मधल्या कोंबाला आपल्याकडे काय म्हणतात?

येरळाकाठ
पोंगा. उसाला, मक्याला, सगळ्याला पोंगाच.

हेळवाककर
उसाला ठीक. केकताडाच्या मधल्या सुळ्याला पोंगा म्हणताना मी ऐकलं नाही. आईला विचारून उद्या लिहितो. एवढं आठवतं की वाखासाठी पातं काढताना ती मला मधल्याला हात लावू द्यायची नाही.