अंतराळात यान "सूंऽऽऽ" कसं वाजतं? घरात तीन पिढ्यांचं भांडण लागलंय

पेठेतला_परग्रही

मंडळी, रविवारपासून आमच्याकडे एक वाद चालू आहे तो काही मिटेना म्हणून इथे टाकतोय. झालं असं की मी आणि लेक (सातवीत आहे) दुपारी जेवणं झाल्यावर एक इंग्रजी स्पेसवाली सिरीज लावून बसलो होतो, पाचव्याच मिनिटाला एक यान उजवीकडून डावीकडे सूंऽऽऽ करत गेलं, मागून दुसरं आलं आणि त्याने त्याला उडवलं, धडाम, आमच्या शोकेसमधल्या काचा थरथरल्या. लेक म्हणाली बाबा तिथे हवाच नाही ना, मग आवाज कुठून आला? मी म्हटलं बरोबर आहे गं तुझं पण टीव्ही आहे, चालतं एवढं. यावर आमचे वडील, भोसरीत टूलरूममध्ये तीस वर्षं काढलेला माणूस, टीव्ही बघत नाहीत पण पेपर मात्र टीव्हीच्या खोलीतच वाचतात, ते पेपर खाली न करता म्हणाले, "आवाजाचं सोड. यान बाहेरून दिसतंय म्हणजे फोटो काढणारा बाहेर लटकलेला आहे. त्याचं काय चाललंय ते आधी विचार."

लेक खो खो हसली आणि मी गप्प बसलो, पण रात्री झोपताना वाटलं की अण्णांच्या बोलण्यात पॉइंट आहे. बाहेर कॅमेरा आहे हे आपल्याला चालतं, मागे शंभर व्हायोलिनं वाजतायत ती कुठे बसलीत हे आपण विचारत नाही, मग एका "सूं"नेच काय घोडं मारलंय?

तर जाणकारांना दोन प्रश्न. तिथे खरंच शून्य आवाज, की थोडा तरी? आणि आवाज सोडला तर या सिरीजवाले अजून काय काय ठोकून देतात जे माझ्यासारख्या कॉमर्सवाल्याला कळत नाही? लेकीपुढे थोडी इज्जत राहील एवढं सांगा.

निवृत्त_बाई

तुमच्या लेकीला माझ्याकडून शाबासकी. मी २६ वर्षं नववी-दहावीला विज्ञान शिकवलं, हा प्रश्न दर वर्षी यायचा आणि उत्तर म्हणून बेल जार काढायचा. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते, काचेची मोठी हंडी, आत इलेक्ट्रिक बेल टांगलेली, खाली हवा ओढणारा पंप. हंडीच्या कडेला ग्रीस लावायचं, कारण कुठूनतरी हवा शिरायचीच. आमचा पंप हातानं मारायचा होता, मागच्या बाकावरच्या दोन दांडग्या पोरांना त्या कामाला लावलं की ती पण खूष आणि वर्ग पण शांत. हळूहळू घंटा बारीक होत जायची, टोला मात्र टकाटका हलताना दिसत राहायचा, आणि त्या क्षणी चाळीस पोरांचे चेहरे बघण्यासारखे असायचे. १६६० च्या सुमारास रॉबर्ट बॉइलने हवा काढून हाच खेळ केला होता.

पण एक गोष्ट मी पोरांना सांगायचे जी पुस्तकात नाही. घंटा कधीच पूर्ण बंद व्हायची नाही. एक तर वायरींतून आणि टांगलेल्या दोरीतून आवाज बाहेर यायचा, मग आम्ही रबरबँडला टांगायला लागलो. दुसरं म्हणजे शाळेच्या पंपाने होते ती काही खरी पोकळी नव्हे, आत भरपूर हवा उरलेली असते. आवाज बारीक होतो तो मुख्यतः अशामुळे की विरळ हवेला घंटेचा कंप नीट उचलता येत नाही आणि उचलला तरी तो जाड काचेला देता येत नाही.

खरं अंतराळ कसं आहे ते आकड्यात बघा. आपल्या एक घन सेंटिमीटर हवेत रेणू साधारण २५ वर १८ शून्यं इतके. पृथ्वीजवळच्या अंतराळात तेवढ्याच जागेत कण पाच-दहा. हवेतला रेणू मीटरच्या दीड कोटीव्या भागाएवढा पुढे गेला की शेजाऱ्याला धडकतो, लक्ष्मी रोडला दिवाळीच्या आधीच्या रविवारी जशी धक्काबुक्की तशी, म्हणून धक्का पुढे पुढे जातो आणि तो धक्का म्हणजेच आवाज. तिकडे एका कणाला दुसरा भेटायला पृथ्वी ते सूर्य एवढं अंतर जावं लागतं. धक्का देणार कोणाला?

आणि समजा, क्षणभर हवा आहे असं धरलं तरी टीव्हीवाले नापासच. दिवाळीत गच्चीवरून लांबची आतषबाजी बघता ना, आधी उजेड आणि मग तीन मोजेपर्यंत धड्डाम, म्हणजे एक किलोमीटर. दहा किलोमीटरवर यान फुटलं तर आवाज यायला अर्धा मिनिट लागेल. यांच्याकडे भडका आणि धमाका एकदमच. हे मला आवाज असण्यापेक्षा जास्त खटकतं.

गिअर_न्यूट्रल

बाईंना साष्टांग __/\__

आता दुसऱ्या प्रश्नाकडे. आवाज ही सगळ्यात किरकोळ थाप आहे हो, खरी थाप चालवण्यात आहे. सिरीजमधली यानं विमानासारखी कलून वळतात, इंजिन सारखं पेटलेलं आणि इंजिन बंद पडलं की यान थांबतं!! अरे थांबेल कशाने, तिथे ना रस्ता ना वारा, बंद पडलं तर ते त्याच वेगाने जात राहणार. आपली गाडी चांदणी चौकाच्या उतारावर न्यूट्रलला टाकली तरी शेवटी कुठेतरी थांबते, तिथे ती सोय नाही. वेग कमी करायचा तर यान उलटं फिरवून पाठ पुढे करून इंजिन पेटवायचं, दुसरा ब्रेक नाही.

लेकीला दाखवायला घरचंच उदाहरण आहे. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान ३ उतरलं तेव्हा आपण सगळे टीव्हीला चिकटलो होतो ना, संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटं, आमच्या सोसायटीत पेढे वाटले. ते लँडर सुमारे ३० किलोमीटर उंचीवर होतं तेव्हा सेकंदाला १.६८ किलोमीटरने आडवं पळत होतं, आणि पहिली साडेअकरा मिनिटं त्याने केलं काय तर इंजिनांची तोंडं प्रवासाच्या दिशेला धरून नुसता ब्रेक मारला. शेवटी उभं राहून खाली आलं. स्क्रीनवर तो रेषेचा ग्राफ बघताना मला जेवढी धडधड झाली तेवढी कुठल्या लेझरच्या मारामारीत झालेली नाही. (लेझरचा झोत बाजूने दिसत पण नाही पोकळीत, धूळ-धूर काही नसतो ना उजळायला. असो.)

हे ज्यांनी नीट दाखवलं त्यात पहिलं नाव द एक्स्पान्स. अर्धा रस्ता जोर लावायचा, मग यान उलटं फिरवून उरलेला अर्धा रस्ता ब्रेक. आणि इंजिनाच्या जोरामुळेच पायाखाली वजन येतं म्हणून आतले मजले बिल्डिंगसारखे एकावर एक, इंजिन तळघरात. बाकीच्या सिरीजमध्ये यानाची रचना बसमधल्यासारखी आणि वजन कुठून आलं ते कोणी विचारायचं नाही. नव्वदच्या दशकात बॅबिलॉन ५ मध्ये पण छोटी लढाऊ यानं तोंड एकीकडे आणि जाणं दुसरीकडे अशी फिरवलेली आहेत, बघून बरं वाटतं.

गोल फिरणारी स्टेशनं मात्र खरी होऊ शकतात, फक्त आकार बघा. मिनिटाला दोनच फेरे घेऊन पृथ्वीएवढं वजन हवं असेल तर त्रिज्या २२४ मीटर लागते, म्हणजे तीन क्रिकेट ग्राउंडं ओळीने मांडली एवढं रुंद चक्र. सिरीजमध्ये दाखवतात ते जत्रेतल्या पाळण्याएवढं असतं, त्यात गरगर फिरवलं तर मान वळवली की ओकाल.

अजून एक, उष्णता. माणूस बाहेर पडला की झटकन बर्फ होतो हे कुठून काढलं देव जाणे. पोकळीत उष्णता घेऊन जायला हवाच नाही, थर्मासच्या दुहेरी भिंतीत पोकळी असते ती का म्हणून? यानातल्या लोकांचा प्रॉब्लेम गार होण्याचा नाही, तापण्याचा. स्पेस स्टेशनला पांढरे लांबलचक पंख दिसतात ते उष्णता बाहेर फेकणारे रेडिएटर आहेत, सोलर पॅनेल वेगळी. टीव्हीच्या यानांना रेडिएटर शोधून दाखवा, मिसळ माझ्याकडून.

कॅप्टन_चहा

कोणाला कॅप्टन व्योम आठवतोय का, १९९८, दूरदर्शन, मिलिंद सोमण?? आम्ही वाड्यात अकरा पोरं एका टीव्हीसमोर बसायचो. विज्ञान गेलं खड्ड्यात, चालू द्या तुमचं.

फेडर_खाली

मी साउंडच्या धंद्यात आहे, लॉ कॉलेज रोडच्या एका बोळात बारकं स्टुडिओ आहे, आमची बाजू पण ऐका. सगळ्यांना वाटतं की आवाज टाकणाऱ्यांना फिजिक्स येत नाही. येतं हो. पण टीव्ही कुठे बघितला जातो? मिक्सर चालू, कुकरच्या तीन शिट्ट्या, खाली भंगारवाला. अशा घरात आम्ही पाच सेकंद खरी शांतता ठेवली तर माणूस शांतता ऐकत नाही, तो रिमोट शोधतो.

खोटं वाटेल पण अनुभव आहे. काही वर्षांपूर्वी एका मित्राच्या शॉर्टफिल्मला मी हट्टाने बारा सेकंद पूर्ण कोरी ठेवली, यानाचं दार उघडतं आणि सगळं बंद, एकदम शास्त्रशुद्ध. स्क्रीनिंगला चौथ्या सेकंदाला प्रोजेक्टरवाला दादा धावत अँपकडे गेला आणि वायर हलवायला लागला, मागून कोणीतरी शिट्टी मारली, "आवाज!" दिग्दर्शक माझ्याकडे असा बघत होता की बास. दुसऱ्या दिवशी मी तिथे हेल्मेटच्या आतला श्वास आणि सूटच्या पंख्याची बारीक घरघर टाकली. आता तीच बारा सेकंद बघताना लोक श्वास रोखून बसतात. आणि हे जास्त खरं पण आहे, कारण सूटमध्ये हवा आहे, तुमचा स्वतःचा श्वास तुम्हाला येणारच. स्पेस स्टेशनमध्ये पण शांतता नसतेच, पंखे चोवीस तास चालू, नाहीतर झोपलेल्या माणसाने सोडलेली हवा त्याच्याच तोंडाभोवती साचून राहील.

म्हणजे प्रश्न "आवाज आहे की नाही" हा नसून "कान कुठे ठेवलाय" हा आहे. फायरफ्लाय नावाच्या सिरीजवाल्यांनी २००२ मध्ये कान बाहेर ठेवला आणि बाहेरचे शॉट मुके करून त्यावर गिटार वगैरे लावलं. बॅटलस्टार गॅलॅक्टिकाच्या नव्या आवृत्तीने मधला रस्ता काढला, आवाज आहे पण उशी तोंडावर दाबल्यासारखा, वरच्या पट्ट्या कापलेल्या. मला हा दुसरा प्रकार आवडतो, पत्र्यातून आल्यासारखा वाटतो.

आणि जाता जाता, ज्या आवाजाला सगळे शिव्या घालतात तो बनवलाय मात्र कष्टाने. स्टार वॉर्समधल्या त्या टाय फायटर यानाची किंचाळी साउंड डिझायनर बेन बर्टने हत्तीचा चीत्कार आणि ओल्या रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा आवाज मिसळून केली. हत्तीला काय माहीत आपण कुठे पोचलो.

खोडद_मेल

अहो पण नासाने ब्लॅकहोलचा आवाज टाकलाय की नेटवर, मी स्वतः ऐकलाय, भुतासारखा येतो. आणि आपल्या नारायणगावजवळच्या दुर्बिणी अंतराळातले आवाजच ऐकतात ना? मग शांतता कसली?

निवृत्त_बाई

दोन गोष्टींची भेळ होतेय. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटरच्या ३० तबकड्या आहेत, त्या पकडतात रेडिओ लहरी, म्हणजे प्रकाशाचीच बहीण, तिला हवा लागत नाही. त्या स्पीकरला जोडल्या तर आवाज निघतो, पण आवाज तुमच्या खोलीत तयार होतो, तिकडे नाही. आकाशवाणीवरच्या बातम्या हवेतून ओरडत घरी येत नाहीत तसंच.

ब्लॅकहोलचं मात्र अगदीच खोटं नाही. पर्सियस नावाच्या दीर्घिकांच्या समूहात प्रचंड विरळ गरम वायू भरलेला आहे आणि मधल्या कृष्णविवरामुळे त्यात खरोखर दाबाच्या लाटा उठतात, चंद्रा दुर्बिणीच्या निरीक्षणांतून २००३ मध्ये ते समोर आलं. पण सूर पेटीच्या मधल्या सा च्या आसपासच्या पट्टीपेक्षा ५७ सप्तकं खाली. तुम्ही ऐकलात तो तेवढा वर चढवून दिलेला आहे. एवढ्या संथ लाटेवर यानाचं सूं कुठे बसवणार?

आणि खराखुरा आवाज ऐकायचा तर मंगळाचा ऐका, २०२१ मध्ये उतरलेल्या पर्सिव्हिअरन्स गाडीवर माईक आहेत. वारा येतो, आणि लेझर दगडावर मारला की टिक टिक टिक. तिथली हवा गार आणि बहुतेक सगळी कार्बन डायऑक्साइडची, त्यामुळे आवाज सेकंदाला २४० मीटरच्या आसपासच जातो, आपल्याकडे ३४० च्या वर, आणि उंच स्वर तिथे खालच्या स्वरांपेक्षा किंचित आधी पोचतात. मंगळावर मैफल केली तर लांब बसलेल्याला तबल्याच्या आधी झांज ऐकू येईल!

खोडद_मेल

भारीच. मी आपला नुसता रिंगटोन करून बसलो होतो त्याचा.

पेठेतला_परग्रही

सगळ्यांचे आभार, प्रिंट काढून अण्णांना दिली (स्क्रीनवर वाचत नाहीत). फेडरभाऊंच्या "कान कुठे ठेवलाय" वर त्यांनी चष्मा काढला, स्वयंपाकघरातून मोठा स्क्रू-ड्रायव्हर आणला आणि नातीला म्हणाले चल. टूलरूममध्ये म्हणे मशीनचं बेअरिंग गेलंय का ते असंच बघायचे, ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या बाहेरच्या कवचावर टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडावर दाबायची, आजूबाजूला दहा लेथ चालू असले तरी आतली खरखर स्पष्ट ऐकू येते. पोरीने आधी पंप, मग वॉशिंग मशीन, मग फ्रिज असं घरभर ऐकून घेतलं. अण्णांचं म्हणणं एवढंच की यान फुटलं तर दुसऱ्याला ऐकू येणार नाही, पण त्याचा एखादा तुकडा येऊन आदळला तर आतल्याला चांगलंच ऐकू येईल, त्यामुळे "धडाम" ठेवा आणि "सूं" काढा.

आता रिमोट लेकीच्या ताब्यात आहे. बाहेरचा शॉट आला की म्यूट, आतला आला की अनम्यूट, एका एपिसोडमध्ये साठ-सत्तर वेळा. बायको म्हणते विज्ञान राहू दे, ते बटण बसणार आहे.

आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर खरंच खरखरतोय असं आजोबा-नात दोघांचं मत पडलंय. मेकॅनिक उद्या अकराला येतोय.

गिअर_न्यूट्रल

अण्णांना मिसळ माझ्याकडून, रेडिएटर न शोधता.