नांदूरमध्यमेश्वर: काठावरच्या आणि पाण्यातल्या वनस्पतींची यादी कशी करावी?

गोदाकाठ_नोंदी

नमस्कार मंडळी. नाशिकमधले आम्ही पाच-सहा जण (दोघे वनस्पतिशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी, बाकी हौशी) नांदूरमध्यमेश्वर अभयारण्यातल्या रानवनस्पतींची वर्षभराची यादी करणार आहोत. पक्ष्यांवर तिथे भरपूर काम झालंय, पण वनस्पतींची बंधाऱ्याच्या फुगवट्यापुरती (बंधाऱ्यामागे साचणाऱ्या पाण्यापुरती), सुकवून जपलेल्या नमुन्यांचा आधार असलेली यादी हवी आहे. मोबाइलवर फोटो काढून नावं जमवायची असं सध्या चाललंय, पण ते पुरेसं वाटत नाही. प्रश्न असे:

१. कोणत्या महिन्यांत जावं? दर महिन्याला एक फेरी पुरेल का?
२. ठरलेल्या मापाच्या चौकटी टाकून त्यांच्या आतल्या वनस्पती नोंदवाव्यात की नुसतं फिरून नोंदी घ्याव्यात?
३. पाण्यातल्या वनस्पती सुकवण्यासाठी कागदात दाबल्या की लगदा होतो. त्याला उपाय काय?
४. परवानगी कुणाकडे मागायची?

पाणथळ_फ्लोरा

फेऱ्या महिन्यांच्या हिशेबाने लावू नका, पाण्याच्या पातळीच्या हिशेबाने लावा. तिथे काय उगवणार हे कॅलेंडरइतकंच पाणी ठरवतं. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळचा हा ब्रिटिशकालीन बंधारा. फुगवटा उथळ आणि गाळाने भरलेला, त्यामुळे पातळी थोडी उतरली तरी मोठा पट्टा उघडा पडतो. वर गंगापूर आणि दारणा धरणांतून आवर्तन (सिंचनासाठी पाळीने सोडलेलं पाणी) सुटलं की ऐन उन्हाळ्यातही पाणी चढतं आणि आदल्या आठवड्यात उघडा असलेला गाळ पुन्हा बुडतो. म्हणून निघायच्या आधी पाटबंधारे कार्यालयात आवर्तनाच्या तारखा विचारा. पावसाळ्यात बंधाऱ्यातून किती क्युसेक विसर्ग चालू आहे हे वर्तमानपत्रात येतंच. तो मोठा असेल तेव्हा काठावर उतरू नका.

ढोबळ टप्पे चार. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर: बांध, माळ आणि पूररेषेच्या वरचा भाग. गवतं, लव्हाळ्याची जात, वेलवर्गीय, एकवर्षायू रोपटी फुला-फळांवर असतात. नोव्हेंबर ते जानेवारी: पाणी नितळ होतं, तेव्हा बुडालेल्या आणि तरंगत्या वनस्पती. फेब्रुवारी-मार्च: पाणी मागे सरकताना ओल्या काठावर उगवणारी मंडळी. एप्रिल-मे: सुकत चाललेला, भेगाळलेला गाळ. हा शेवटचा टप्पा बहुतेक याद्यांतून गळतो, कारण उन्हात कुणी जात नाही. पण ग्लायनस, ग्रँजिया, कोल्डेनिया, हेलिओट्रोपियम अशा जमिनीला चिकटून पसरणाऱ्या जाती तेव्हाच दिसतात आणि पहिल्या पुरात नाहीशा होतात. काठावर गाळपेरा (उघड्या पडलेल्या गाळात पेरणी) होत असेल तर नांगरलेला आणि न नांगरलेला भाग वेगवेगळा नोंदवा. नांगरटीत शेतातलं तण शिरतं आणि यादीत दोन अधिवासांची सरमिसळ होते.

दर फेरीला पाणीपातळी लिहाच. बंधाऱ्यावरच्या मोजपट्टीचा आकडा मिळाला तर उत्तम. नाही तर घाटाची एखादी पायरी किंवा न हलणारा खडक कायमची खूण धरा आणि तिथून पाणी किती सेंटिमीटर खाली आहे ते मोजा. अभयारण्यात दगडांवर रंगाने खुणा करू नका, फोटो पुरतो.

चौकटी की फिरणं? दोन्ही, पण काम वेगळं. यादीतल्या बहुतेक जाती फिरूनच सापडतात. चौकटीतून कळतं ते प्रमाण: कोण किती आहे, पाण्यापासून किती अंतरावर आहे, पुढल्या वर्षी वाढलं की घटलं. आधी काठाचे प्रकार पाडा: सपाट गाळ, उघडा बेसाल्ट, नदीचा वाहता भाग, कालव्याच्या मुखाजवळची झिरपणारी जमीन, बाभळीचं बन. प्रत्येक प्रकारात काठाला काटकोनात तीन दोऱ्या टाका, वरच्या पूररेषेपासून गुडघाभर पाण्यापर्यंत. दोरीवर दर ५ मीटरला १ × १ मीटरची चौकट. झुडपांना ५ × ५, झाडांना १० × १०. उतार तीव्र असेल तर अंतराऐवजी खोली धरा, म्हणजे दर २० सेंमी खोलीला एक चौकट.

पाण्यातली चौकट पीव्हीसी पाइपची करा. कोपरे सॉल्व्हंटने चिकटवून हवाबंद ठेवा म्हणजे ती तरंगते. काठावरची मात्र एका कोपऱ्यात उघडता येईल अशी हवी, नाही तर बेशरमीच्या किंवा पाणकणसाच्या दाट झुबक्यात ती वरून बसतच नाही. मग माणूस नकळत मोकळी जागा शोधून चौकट टाकतो आणि नेमकं दाट भागाचं प्रमाण कमी भरतं.

आच्छादन टक्क्यांत लिहिण्यापेक्षा ब्राउन-ब्लांके श्रेणी वापरा: विरळ असेल तर अधिक चिन्ह, ५ टक्क्यांपर्यंत १, ५ ते २५ ला २, २५ ते ५० ला ३, ५० ते ७५ ला ४, त्यावर ५. दोन माणसांचे टक्के जुळत नाहीत, श्रेणी बहुधा जुळते. किती चौकटी पुरे? आडव्या अक्षावर चौकटींची संख्या, उभ्यावर एकूण जाती, असा आलेख जागेवरच वहीत काढत जा. रेघ आडवी झाली आणि ओळीने दहा चौकटींत नवं काही आलं नाही, की त्या अधिवासापुरतं थांबा.

टीपकागद

लगद्याबद्दल. पाण्यातली वनस्पती हवेत उचलली की पानं एकमेकांना चिकटतात, मग कितीही दाबा. तिला पाण्यातच कागदावर घ्यायचं असतं. उथळ ट्रेमध्ये ३-४ सेंमी पाणी घ्या, वनस्पती धुऊन गाळ काढा आणि तरंगत सोडा. जाड ड्रॉइंग पेपर खालून सरकवा, बारीक ब्रशने फांद्या मोकळ्या करा. मग कागद एका कडेने हळूहळू वर उचला, पाणी दुसऱ्या कडेने निथळू द्या. वर मलमलचा धुवट तुकडा, त्यावर टीपकागद, मग प्रेस (वनस्पती दाबून सुकवायच्या फळ्या). मलमल विसरलात तर वनस्पती वरच्या कागदाला चिकटून फाटते. पहिल्या दिवशी टीपकागद दर तीन-चार तासांनी बदला, पण मलमल पूर्ण सुकेपर्यंत सोलू नका. हायड्रिला, नाजास, पोटॅमोजेटॉन या पाण्याखालच्या वनस्पती या रीतीने छान राहतात आणि बऱ्याचदा गोंदाशिवाय कागदाला धरून बसतात.

जलपर्णी, पाणकणीस यांचे जाड भाग उभे चिरून निम्मे ठेवा. पाणकणसाचं पूर्ण झाड शीटवर (सुकलेला नमुना चिकटवायच्या जाड कागदावर) मावत नाही, म्हणून खालचं खोड, पानाचा तुकडा आवरणासकट आणि कणीस असे तीन भाग घ्या. तिन्हींना एकच क्रमांक द्या आणि एकूण उंची वहीत लिहा.

काठावरच्या वनस्पती नेहमीसारख्या वर्तमानपत्रात. २४ तासांनी पहिला कागद बदलताना पानं अजून मऊ असतात, तेव्हाच मांडणी सुधारा आणि एक-दोन पानं उलटी करा म्हणजे खालची बाजूही दिसेल. नंतर सुकेपर्यंत रोज कागद बदलायचा. पावसाळ्यात कागद एक दिवस तसाच राहिला तरी पानं काळी पडतात आणि बुरशी धरते. नाशिकला परतायला उशीर होणार असेल तर वर्तमानपत्रात गुंडाळलेले नमुने जाड पॉलिथिन पिशवीत घालून कागद भिजेपर्यंत ६०-७० टक्के स्पिरिट ओता आणि तोंड घट्ट बांधा. काही आठवडे टिकतात. रंग जातो, म्हणून फुलाचा रंग आधी लिहायचा.

किडीसाठी जुन्या पुस्तकांतला मर्क्युरिक क्लोराइडचा उपाय घरी करू नका. ते जहाल विष आहे आणि शीट हाताळणाऱ्या प्रत्येकाला वर्षानुवर्षं त्याचा धोका राहतो. पूर्ण सुकलेला गठ्ठा पॉलिथिनमध्ये बंद करून उणे २० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाही तर बाष्प नमुन्यांवरच बसतं.

शीटचं माप साडेसोळा बाय साडेअकरा इंच, लेबल उजव्या खालच्या कोपऱ्यात. सुटं बी आणि फळं कागदी पुडीत घालून त्याच शीटवर चिकटवा.

गोदाकाठ_नोंदी

फारच उपयोगी, दोघांचे आभार. एक शंका: लव्हाळ्यासारख्या दिसणाऱ्या सगळ्या आम्ही सध्या "सायपरस, जात अनिश्चित" म्हणून टाकतोय. फोटोवरून त्यांचं पुढे काही होईल का?

त्रिकोणी_दांडा

फोटोवरून नाही होणार, आणि पाणथळ जागेच्या यादीत हा गट अनिश्चित ठेवला तर यादीचा मोठा तुकडाच हातातून जातो. पिकलेलं फळ असलेला नमुना लागतो. कोवळं कणीस आणून उपयोग नाही, दोन-तीन आठवड्यांनी त्याच जागी परत जा. १० पट आणि २० पट अशी दोन भिंगं ठेवा.

पाहायचा क्रम असा. दांडा त्रिकोणी आहे का आणि पानाचं आवरण बंद नळीसारखं आहे का? दांडा गोल, पेरं स्पष्ट आणि आवरण एका बाजूने उघडं असेल तर ते गवत, तिथे पानाच्या सांध्यातली जिभली पाहा. मग कणिशकातले (कणसाच्या छोट्या घटकातले) खवले: दोन ओळींत असतील तर सायपरसकडे जा, सर्पिल असतील तर फिंब्रिस्टायलिस आणि इतर. पानाचं पातंच नाही, दांड्याच्या टोकाला एकच कणिशक, असं असेल तर बहुधा एलिओकॅरिस. शेवटी फळ कागदावर झाडून घ्या: चपटं की तीनधारी, पृष्ठभाग गुळगुळीत की जाळीदार, कुक्षीच्या (फुलाच्या परागकण धरणाऱ्या टोकाच्या) शाखा दोन की तीन, कुक्षीवृंताचा (तिच्या देठाचा) फुगीर तळ फळावर टिकलाय की गळलाय. एलिओकॅरिसमध्ये तो टिकतो, फिंब्रिस्टायलिसमध्ये गळतो. जमिनीखालचा भागही काढायला हवा, कारण गाठी आहेत, आडवं खोड आहे की नुसता मुळांचा झुबका, यावर पुढची निवड ठरते.

याच काठावर घोळ होणाऱ्या आणखी तीन जागा:

पर्सिकारिया या काठावरच्या वनस्पतींमध्ये पेराभोवतीची पातळ नळी, ओक्रिआ, पाहा. तिच्या काठावर लांब केस असतील तर बार्बाटा, नसतील तर ग्लाब्रा. सुकवल्यावर हे केस झडू शकतात, म्हणून ताजं असतानाच लिहा.

अल्टरनँथेरामध्ये पांढरे गोंडे थेट पानाच्या बगलेत बसलेले असतील तर सेसिलिस. गोंडा स्पष्ट देठावर आणि दांडा पोकळ असेल तर फिलॉक्सेरॉइडिस, म्हणजे अलिगेटर वीड. ही दुसरी दिसली तर वनखात्याला त्याच दिवशी कळवा. हिचा पेरासकटचा तुकडासुद्धा रुजतो.

पाण्याखालच्या तिघी: पेराला तीन ते आठ पानांचं वलय आणि पानाची कड दातेरी असेल तर हायड्रिला, पानं समोरासमोर आणि तळाशी आवरण असेल तर नाजास, पानं टोकाला दुभंगलेली आणि मुळंच नाहीत तर सेराटोफायलम. ऑटेलिया दिसली तर पाकळ्यांचा फोटो तिथेच काढा, पिशवीत घातल्यावर त्या उरत नाहीत.

अनुसूची

परवानगीचं राहिलंच. १९८६ पासून हे अभयारण्य आहे आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम २८ खाली अभ्यासासाठी प्रवेशाची परवानगी लागते आणि वनस्पती बाहेर नेणं कलम २९ खाली येतं. दोन्हींचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकांकडे. अर्ज नाशिकच्या वन्यजीव विभागामार्फत पाठवा. त्यात जागा, महिने, माणसं, एका जातीचे किती नमुने आणि ते कुठल्या हर्बेरियममध्ये (सुकवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) ठेवणार, हे सगळं स्पष्ट हवं. "आवश्यकतेनुसार" असं मोघम लिहिलेला अर्ज प्रश्नांसह परत येतो. विद्यार्थी आहेत तर अर्ज महाविद्यालयाच्या लेटरहेडवर करा. जातीमागे तीन नमुने पुरतात: एक तुमच्या महाविद्यालयात, एक पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाकडे किंवा आघारकर संस्थेत, एक देवघेवीसाठी. दिसणारी झाडं वीसहून कमी असतील तर मुळासकट काढू नका, फांदी आणि फोटोवर भागवा.

आता सूचीबद्दल. संकलन क्रमांक, म्हणजे गोळा केलेल्या नमुन्याला दिलेला आकडा, माणसाचा असतो, फेरीचा नाही. १ पासून सुरू होतो आणि आयुष्यभर पुढेच जातो. दर फेरीला पुन्हा १ पासून सुरुवात केली तर दोन वर्षांनी पाच वनस्पतींना एकच क्रमांक मिळालेला असतो. वहीत पेन्सिलीने किंवा जलरोधक शाईने लिहा. स्थानाचे अक्षांश-रेखांश दशांश अंशांत पाच स्थळांपर्यंत घ्या, सोबत डब्ल्यूजीएस ८४ (जीपीएस वापरतं ती निर्देशांक पद्धत) ही नोंद आणि मोबाइलने दाखवलेली अचूकता. इथे अक्षांश २० च्या आणि रेखांश ७४ च्या आसपास येतो. एक्सेलमध्ये हे रकाने उलटे भरले जाणं ही नेहमीची चूक, रकान्याला मर्यादा लावून ठेवली की लगेच पकडता येते.

रकाने: कुळ, स्वीकृत नाव कर्त्यासह (ते नाव देणाऱ्या शास्त्रज्ञासह), नमुना मिळाल्यावेळचं नाव, गावातलं नाव आणि ते कुठल्या गावात मिळालं, स्वरूप, अधिवास, खोली किंवा पूररेषेपासूनचं अंतर, फुलं-फळांचे महिने, देशी की परकी, संकलन क्रमांक, ओळख कुणी आणि कधी पक्की केली. नावं सध्या भराभर बदलताहेत: जलपर्णी आता पाँटेडेरिया क्रासिपेस, बाभूळ वाचेलिया निलोटिका. नवं नाव क्यू उद्यानाच्या ऑनलाइन सूचीतून घ्या, जुनं मात्र पुसू नका. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने १९९१ मध्ये काढलेली नाशिक जिल्ह्याची फ्लोरा (वनस्पतींचा सूचीग्रंथ) जुन्याच नावांनी आहे आणि तुलना तिच्याशीच करायची आहे.

खाडीकाठ

आम्ही ठाण्याच्या खाडीकडे हेच काम करतो. दोरी आणि चौकट तीच, फक्त आवर्तनाच्या जागी भरती-ओहोटीचं कोष्टक. दोरी ओहोटीच्या वेळी पाण्याकडून जमिनीकडे टाकावी लागते, म्हणजे पाणी चढायच्या आत खालचा भाग होऊन जातो. तिवरं आणि कांदळ मुळांवरून लांबूनही ओळखू येतात, त्यामुळे आमच्याकडे जाती कमी आणि चिखल जास्त. तुमच्या काठावर उलट आहे, म्हणून पहिल्या वर्षी दोऱ्या कमी टाका आणि ओळख पटवायला वेळ जास्त ठेवा.

गोदाकाठ_नोंदी

खोल पाण्यातून नमुने काढायला होडी लागेलच का? हिवाळ्यात पक्षी असतात, त्यांना त्रास नको.

पाणथळ_फ्लोरा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी होडी नकोच. बागेतल्या दाताळ्याची दोन डोकी पाठीला पाठ बांधा, १० मीटर दोरी लावा आणि काठावरून फेकून तळाशी ओढत आणा. प्रत्येक जागी तीन फेका, तीन वेगळ्या दिशांना, आणि दातांवर काय किती आलं ते श्रेणीत लिहा. पक्ष्यांचे थवे बसलेल्या बाजूला जाऊ नका, दुपारी ते सरकल्यावर जा. गाळात एकट्याने उतरायचं नाही. बांबूने आधी ठाव घ्या, बांबू गुडघ्याहून खोल गेला तर तिथली चौकट सोडून द्या आणि वहीत तसं लिहा. उसाच्या कडेने पहाटे किंवा संध्याकाळी जाऊ नका, निफाड पट्ट्यात बिबटे आहेत.

काम झालं की दाताळं, चौकट, गमबूट, ट्रे तिथेच घासून काठावर कोरड्या जागी झटका. दातांत अडकलेला जलपर्णीचा किंवा अल्टरनँथेराचा तुकडा दुसऱ्या तळ्यात जाऊन रुजू शकतो. पुढची जागा वेगळ्या पाण्यावरची असेल तर सामान दोन दिवस कडक उन्हात वाळवल्याशिवाय तिकडे नेऊ नका. पावसाळ्यात ऊन नसेल तर दाताळ्यांचे दोन वेगळे संच ठेवा.